आजारी माणूस ‘मला नीट जाऊ द्या’ म्हणतो तेव्हा त्याला काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचा फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत पसरलाय, केमोथेरपीचा उपयोग होईनासा झालाय, डॉक्टर ‘काही महिने’ म्हणतात. वडील ‘मला नीट जाऊ द्या’ एवढंच बोलतात आणि विषय बदलतात. गंभीर आजारी माणसं चांगल्या मृत्यूचा विचार नेमका कसा करतात आणि घरच्यांनी त्यातून काय समजायचं?

निरोगी माणसाला चांगला मृत्यू म्हटलं की शेवटचा तास दिसतो. झोपेत, आपल्या अंथरुणावर, भोवती सगळी माणसं. गंभीर आजारी माणूस त्या तासाचा विचार फार कमी करतो. त्याच्या डोक्यात त्याआधीचे आठवडे असतात. संडासला मला कोण नेणार? रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कुणाला उठवायचं? मी असंबद्ध बडबडायला लागलो तर? बँकेतलं हिला काहीच माहीत नाही, मागे हिचं कसं होणार? ‘नीट जाऊ द्या’ या वाक्यामागे यातलं एखादं असतं, कधी चारही. ते कोणतं हे तुम्ही आपल्या मनानं ठरवायला गेलात तर बहुधा चुकाल. डॉक्टरही चुकतात.

याचा पुरावा जुना आहे. कॅरन स्टाइनहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अमेरिकेतली पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात ३४० गंभीर आजारी रुग्ण होते, घरातलं माणूस नुकतंच गेलेले ३३२ नातेवाईक होते, ३६१ डॉक्टर होते आणि परिचारिका, समाजसेवक वगैरे धरून ४२९ इतर सेवा देणारे होते. आयुष्याच्या शेवटी महत्त्वाच्या वाटणाऱ्या नऊ गोष्टी क्रमानं लावायला सांगितल्या, तेव्हा रुग्णांनी वेदना नसणं पहिलं ठेवलं, देवाशी मन शांत असणं जवळजवळ त्याच्या बरोबरीनं दुसरं, आणि घरी मरण येणं सर्वांत शेवटी. हे रुग्ण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यव्यवस्थेतले होते. त्यामुळे देवाचा क्रमांक उचलून कुणालाही लावू नये. पण ‘घरी’ नवव्या जागी गेलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुष्कळ नातेवाईक त्यालाच जीव लावून बसतात. घर हवं असतं ते तिथे आपल्या वेळेनं उठता येतं, आपली माणसं असतात, कुणी मध्यरात्री रक्त काढायला येत नाही म्हणून. दुखणं आवरत नसेल, किंवा घरच्यांची दमछाक रोज डोळ्यांसमोर दिसत असेल, तर तोच माणूस ‘मला हॉस्पिटलातच ठेवा’ म्हणतो. यात विसंगती काही नाही.

त्याच पाहणीतली दुसरी यादी मला अधिक कामाची वाटते. रुग्णांना फार महत्त्वाच्या पण डॉक्टरांना तितक्या महत्त्वाच्या न वाटलेल्या आठ गोष्टी निघाल्या: शुद्ध आणि डोकं जागेवर असणं, देवाशी मन शांत असणं, कुटुंबावर ओझं न होणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडता येणं, प्रार्थना, अंत्यविधीची व्यवस्था ठरलेली असणं, समाजावर ओझं न होणं, आणि आयुष्य पूर्ण झाल्यासारखं वाटणं. या आठांत मशीन, औषध किंवा तपासणी कुठेच नाही. कॅनडात पीटर सिंगर यांच्या गटानं १९९९ साली डायलिसिसवरचे, एचआयव्हीबाधित आणि दीर्घकालीन शुश्रूषेतले अशा १२६ जणांचं म्हणणं मांडलं. त्यातून पाच गोष्टी पुढे आल्या: त्रास आटोक्यात असावा, मरण उगाच लांबवलं जाऊ नये, निर्णय आपल्या हातात असावेत, जवळच्यांवरचा भार हलका व्हावा, आणि त्यांच्याशी नातं आणखी घट्ट व्हावं.

आता ‘ओझं’ या गोष्टीकडे जरा नीट बघू, कारण बोलणं इथेच सर्वांत जास्त वेळा अडतं. आजारी माणूस म्हणतो, ‘तुम्हाला सगळ्यांना माझा त्रास.’ घरचे लगेच म्हणतात, ‘असं काय बोलता, त्रास कसला!’ हेतू चांगला, पण इथे बोलणं संपलं. त्याऐवजी विचारा: ‘सगळ्यात जास्त कशाचं वाटतं?’ उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. पहिलं अंगमेहनतीचं: उचलणं, धुणं, रात्रीचं जागरण. इथे मुलानं किंवा सुनेनं शी-शू काढण्यापेक्षा पगारी परिचारक बरा, असं बऱ्याच रुग्णांना वाटतं आणि ते सांगायला त्यांना लाज वाटते. आंघोळ आणि संडास याला कुणी हात लावलेला चालेल, कुणी नाही, हे सरळ विचारावं. दुसरं पैशाचं. इथे धीर देऊन भागत नाही, आकडे दाखवावे लागतात: किती खर्च झाला, किती शिल्लक आहे, पुढच्या उपचाराला किती लागेल. खरा आकडा कळल्यावर पुष्कळदा ताण उतरतो, कारण मनातला आकडा त्याहून मोठा असतो. तिसरं निर्णयांचं ओझं, आणि हेच घरच्यांच्या ध्यानात येत नाही. ‘मी बेशुद्ध झालो तर मुलं आपसांत भांडतील, आणि जो ठरवेल त्याला जन्मभर डाचत राहील’ ही भीती खरी असते. ते ओझं रुग्ण स्वतः उतरवू शकतो. निर्णय कुणी घ्यायचा हे नाव सांगून, आणि ते बाकीच्यांसमोर सांगून.

उपयोगी पडण्याबद्दलही असंच. आजारी माणसाच्या हातातली सगळी कामं आपण प्रेमानं काढून घेतो आणि मग तो ‘आता जगून काय करू’ म्हणाला की घाबरतो. त्याला काम द्या, पण खोटं नको. कागदपत्रं लावणं, जुन्या फोटोंमागे नावं लिहिणं, नातवाला हिशेब शिकवणं, कुणाला काय द्यायचं ते ठरवणं. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी यावर एक पद्धतशीर उपचारच बसवला. ठरलेल्या प्रश्नांवरून रुग्णाशी तासभर बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, दोन-तीन दिवसांत ते कागदावर उतरवायचं, त्याला वाचून दाखवायचं, तो सांगेल त्या दुरुस्त्या करायच्या आणि मग तो ऐवज त्याच्या माणसांच्या हाती द्यायचा. हे उतरवून काढणं लवकर करायचं असतं, कारण वाचून दाखवलेलं ऐकण्याइतका माणूस तोपर्यंत टिकायला हवा. घरी मोबाइलवर तुम्ही याचं साधं रूप करू शकता. विचारायचे प्रश्न असे: कुठला काळ सगळ्यात जिवंत वाटला? कशाचा अभिमान आहे? मुलांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं? कुणाला काही सांगायचं राहिलंय का? थकवा दिसला की थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे चला. फक्त एक सांभाळा. कुणाला दुखावणारं काही बोललं गेलं असेल तर वाचून दाखवताना ते ठेवायचं की काढायचं हे त्यालाच विचारा.

उपचारांच्या निवडीत तर प्रश्नच सहसा चुकीचा विचारला जातो. ‘व्हेंटिलेटर हवा की नको?’ याला आजारी माणसाकडे उत्तर नसतं, कारण ते उत्तर पुढे काय होणार यावर ठरतं. टेरी फ्राइड यांच्या गटानं २००२ साली २२६ गंभीर आजारी वयस्क लोकांना हेच वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. उपचाराचा त्रास कमी आहे आणि त्यानंतर तुम्ही आत्ताच्या स्थितीला परत याल असं म्हटलं, तेव्हा जवळपास सगळ्यांनी, ९८.७ टक्क्यांनी, उपचार घेऊ म्हटलं. जगाल, पण हालचाल जवळजवळ संपलेली असेल असं म्हटल्यावर ७४.४ टक्क्यांनी नको म्हटलं. जगाल, पण समज गेलेली असेल, यावर ८८.८ टक्क्यांनी. म्हणजे माणूस निवड करतो ती अवस्थेची. यंत्राला तो हो किंवा नाही म्हणतो ते त्यानंतर. म्हणून विचारायचं असं: ‘कोणती अवस्था आली तर, बाबा, तुम्हाला वाटेल की आता लांबवू नका, फक्त त्रास कमी करा?’ आणि लगेच उलट बाजूही: ‘काय करता येत असेल तोवर जगण्यात तुम्हाला गोडी वाटेल?’ कुणी म्हणतो, माणसं ओळखता येईतो. कुणी म्हणतो, स्वतःच्या हातानं जेवता येईतो. एखाद्याला खिडकीतून रस्ता दिसला की पुरतं. हे उत्तर मिळालं की कोणतं यंत्र लावायचं आणि कोणतं नाही, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.

मात्र ही रेघ सरकते. ‘अंथरुणाला खिळलो तर नको’ असं ठामपणे सांगणारा माणूस प्रत्यक्षात खिळल्यावर त्यातही जमवून घेतो आणि आणखी काही दिवस मागतो. उलटंही होतं, आधी सगळं करा म्हणणारा तिसऱ्या भरतीनंतर बस म्हणतो. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं उत्तर आजचं धरू नये. प्रत्येक हॉस्पिटलवारीनंतर, नवं लक्षण आल्यावर, शुश्रूषा करणारं माणूस बदललं की पुन्हा विचारावं. ‘मागे तुम्ही असं म्हणाला होतात, अजून तसंच वाटतं का?’ एवढं पुरे.

जिथे खरंच अनिश्चितता आहे, म्हणजे न्यूमोनिया झालाय आणि सुधारेलही कदाचित, तिथे सरसकट हो-नाही करण्यापेक्षा मुदतबंद उपचार चांगला. तीन ते पाच दिवस प्रतिजैविक आणि ऑक्सिजन देऊ, या या खुणा बघू (ताप, श्वासाचा वेग, जाग किती), सुधारणा नसेल तर पुढे काय करायचं ते आजच ठरवू. हे शेवटचं वाक्य राहून जातं. मुदत ठरते, पण संपल्यावर काय हे कुणी बोलत नाही, आणि मग माणूस तीन आठवडे आयसीयूत राहतो. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याबद्दलही डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कॅन्सर सर्वत्र पसरलेला असताना हृदय थांबतं ते शरीर संपल्यामुळे, आणि असे रुग्ण त्यातून वाचून घरी गेल्याचं क्वचितच घडतं. बरगड्या मोडतात ते वेगळंच. उपचार आवरते घेण्याबाबतचे आणि लेखी इच्छेबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते आपल्या ठिकाणचे डॉक्टर आणि वकील सांगतील.

वेदनेचा क्रमांक पहिला आहे म्हणून त्यावर सविस्तर. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं. ‘समग्र वेदना’ ही त्यांची मांडणी: शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं एकमेकांत मिसळलेलं असतं. व्यवहारात याचा अर्थ असा की मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचा डोस चार वेळा वाढवूनही दुखणं हटत नसेल तर गोळीखेरीज काय राहिलंय ते बघावं. पण गोळी न देता आधी मन शोधत बसणंही तितकंच चुकीचं.

हाडांत पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं बहुतेक वेळा आटोक्यात येतं. न येण्याची कारणं ठरलेली. पहिलं, दुखल्यावरच गोळी दिली जाते. लवकर असर करणारी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास टिकते, म्हणून ती घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची असते. आधी कधी अशी औषधं न घेतलेल्या माणसाला डॉक्टर साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, वय फार असेल किंवा प्रकृती नाजूक असेल तर २.५ पासून. मध्येच दुखलं तर जास्तीची मात्रा हाताशी हवी, ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश. उदाहरणार्थ ५ मिलिग्रॅम सहा वेळा म्हणजे ३०, तर जास्तीची मात्रा ५. चोवीस तासांत ती तीनदा लागली तर एकूण ४५ झाले, मग डॉक्टर दर वेळची मात्रा ७.५ करतील. म्हणून वही ठेवा: वेळ, मात्रा, दुखणं ० ते १० मध्ये किती, तासाभरानं किती. ही वही नसेल तर डॉक्टर अंदाजानं मात्रा ठरवतात.

दुसरं कारण बद्धकोष्ठता. मॉर्फिननं येणारी मळमळ आठवड्याभरात आणि गुंगी दोन-तीन दिवसांत बरीच उतरते, पण बद्धकोष्ठता जात नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू हवं. ते नसलं की आठवड्यात पोट फुगतं, माणूस गोळीला दोष देऊन ती सोडतो आणि दुखणं परत उसळतं. तिसरं कारण भीती. मॉर्फिन म्हणजे शेवट, व्यसन लागेल, श्वास थांबेल. दुखण्याच्या मापानं हळूहळू वाढवलेली मात्रा मरण जवळ आणत नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मात्र सावध राहा. मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात, हातपाय झटक्यानं उडायला लागतात, माणूस गुंगतो. असं दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, औषध बदलता येतं.

एका जागच्या हाडाच्या दुखण्याला रेडिएशनची एकच बैठक, ८ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), पुष्कळांना पुरते. आराम यायला एक ते चार आठवडे लागू शकतात आणि पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढूही शकतं, हे आधी सांगितलेलं असलं म्हणजे माणूस बिथरत नाही. ज्याच्या हातात तेवढे आठवडे नाहीत त्याला त्यासाठी फेऱ्या मारायला लावू नये. आणि एक तातडीची बाब. पाठ एकदम जास्त दुखायला लागली, पायांत जोर वाटेना, लघवी अडली, तर मणक्यातला मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. तिथे एकेक तास मोलाचा, लगेच हॉस्पिटल गाठायचं. चालता येणं हा वडिलांच्या यादीतला वरचा मुद्दा असेल, तर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातही ही धावपळ करावी.

वेदना आणि शुद्ध यांत ओढाताण होते तेव्हा काय? दुखणं शून्यावर आणायचं तर गुंगी वाढते. इथे डॉक्टर किंवा मुलगा आपल्या मनानं ठरवतो, आणि तेच ठरवायचं नसतं. विचारा: ‘दुखणं तीनवर असेल आणि तुम्ही जागे असाल, की एकवर असेल आणि बराच वेळ झोपेत जाईल?’ वर सांगितलेल्या पाहणीतले रुग्ण डोकं जागेवर असण्याला किती महत्त्व देत होते ते आठवा. कुणी संध्याकाळी मुलं येतात त्या दोन तासांसाठी मात्रा थोडी कमी मागेल. वेळापत्रक तसं बसवता येतं.

शुद्ध जाण्यामागे औषधाखेरीज बरंच काही असतं. कॅन्सर हाडांत असेल तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती, मग भ्रम. हे रक्ततपासणीत कळतं आणि उपचारानं खूपदा उतरतं. लघवी तुंबणं, मळ अडकणं, जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या ही बाकीची नेहमीची कारणं. रात्री अचानक भ्रम झालेल्या माणसाला ‘आता शेवट आला’ समजून सोडून देऊ नका, आधी पोट आणि लघवी बघा. अगदी शेवटच्या दिवसांतला भ्रम मात्र बहुतेकांना होतो आणि तो उलटवणं जमेलच असं नसतं. तेव्हा खोलीत मंद दिवा, ओळखीचा आवाज, एका वेळी एकच माणूस, आणि गरज पडली तर औषध.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दम लागण्याची धास्ती दुखण्याहून मोठी असते. ‘गुदमरून जाईन’ हे रुग्ण मोठ्यानं बोलत नाही, पण एकटं झोपायला तयार नसतो. बसवून किंचित पुढे झुकवणं, पंख्याचा झोत गाल आणि नाकाकडे सोडणं, कमी मात्रेतलं मॉर्फिन, याचा उपयोग होतो. ऑक्सिजनचा उपयोग मुख्यतः रक्तातला प्राणवायू उतरलेला असेल तर. दम वाढला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावा. ते लावलेलं दिसलं की आजारी माणसालाही रात्री झोप लागते.

उपशामक उपचार, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार, सुरू करणं म्हणजे हात टेकणं असा समज अजून टिकून आहे. जेनिफर टेमेल यांच्या गटानं २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. निदानानंतर लगेच उपशामक सेवा जोडलेल्यांच्या जगण्याची गुणवत्ता बरी राहिली, नैराश्य कमी आढळलं, आणि मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने निघालं, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ८.९. एका चाचणीवरून आयुष्य वाढेलच अशी हमी देता येणार नाही, पण घटणार नाही एवढं तरी सांगता येतं.

आता बोलायचं कसं. सकाळी, गोळीचा असर चालू असताना, टीव्ही बंद करून. फार तर वीस मिनिटं. पहिलं वाक्य परवानगीचं: ‘पुढचं थोडं बोलू का, की आज नको?’ ‘आज नको’ आलं तर ‘कुणाशी बोललेलं चालेल?’ एवढं विचारून थांबा. कुणाला मुलापेक्षा मित्राशी बोलणं सोपं जातं. हो म्हणाले तर आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा: ‘डॉक्टर काय म्हणालेत, तुम्हाला काय वाटतं?’ घरच्यांनी निदान लपवलेलं असतं तिथेही माणसाला बहुतेक अंदाज असतो. लपवाछपवीत दोन्ही बाजू एकट्या पडतात. मग ‘किती तपशील ऐकायला आवडेल?’ कुणाला महिने ऐकायचे असतात, कुणाला नको असतात. आयुष्याचा अंदाज विचारलाच तर डॉक्टरांकडून पट्टा मागावा: साधारण किती, फार चांगलं चाललं तर किती, बिघडलं तर किती. एक आकडा मागितला की तो चुकतो.

त्यानंतर: सगळ्यात जास्त भीती कशाची? पुढच्या काही आठवड्यांत काय झालंच पाहिजे? काय अजिबात नको? तुम्हाला बोलता येईनासं झालं तर कुणी ठरवायचं? प्रश्न विचारून गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला लांबलचक वाटते, पण उत्तर बहुधा तिच्यानंतर येतं. डोळ्यांत पाणी आलं तर विषय बदलू नका. ‘बरे व्हाल’ म्हणू नका. ‘बरं व्हावं असं मलाही वाटतं, आणि नाही झालं तर तुमच्या मनासारखं व्हावं असंही वाटतं’ हे दोन्ही एका वाक्यात बसतं. आशा आणि तयारी एकाच माणसात सुखानं राहतात, एक दिवस नातीच्या लग्नाची बोलणी आणि दुसऱ्या दिवशी मृत्युपत्राची.

‘आता मरण आलं तर बरं’ असं ते म्हणाले तर ओरडू नका आणि लगेच उपदेशही नको. ‘आत्ता काय असह्य होतंय?’ हे विचारा. न आवरलेलं दुखणं, अपमान वाटणारी एखादी शुश्रूषा, झोप नसणं, ओझं, यातलं काही निघतं आणि त्यावर काही करता येतं. ही इच्छा दिवसागणिक कमी-जास्त होते. पण दोन आठवडे कशातच रस नाही, सगळ्याचा दोष स्वतःकडे, डोळे कोरडे किंवा सतत भरलेले, असं असेल तर नैराश्याचा उपचार करा. मरणाच्या दारातही ते ओसरू शकतं. स्वतःच्या जिवाचं काही करण्याचा बेत किंवा साधन बोलण्यात आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच वेळी डॉक्टरांना कळवा.

शेवटच्या दिवसांबद्दल आजारी माणसं सहसा एकच विचारतात, ‘तेव्हा काय होतं?’ खरं उत्तर बऱ्याच भीती घालवतं. बहुतेकांना झोप वाढत जाते, गिळणं थांबतं, लघवी कमी होते, हातपाय गार आणि ठिपकेदार निळसर दिसतात, श्वास मध्येच काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. घरचे यातल्या तीन गोष्टींना घाबरतात. न जेवणं: शरीर बंद होत असल्यानं भूक जाते, न जेवल्यामुळे माणूस मरतो असं नाही. जबरदस्तीनं भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंड मात्र दर एक-दोन तासांनी ओलं करावं, ओठांना मलम लावावं. घशातली घरघर: साठलेल्या स्रावांचा आवाज असतो, गुंगीतल्या माणसाला बहुधा त्याचा त्रास नसतो. कुशीवर वळवा, डोकं किंचित वर, वाटल्यास डॉक्टर स्राव कमी करणारं औषध देतील. सलाइन चालू असेल तर घरघर आणि सूज वाढू शकते. तिसरं श्वासातल्या खंडांचं, तिथे करायचं काहीच नसतं. ऐकू येत असावं असं धरूनच बोला.

गिळणं थांबण्याआधी औषधांची सोय व्हायला हवी. तोंडानं घेतलेल्या मॉर्फिनऐवजी त्वचेखाली दिलं तर मात्रा साधारण निम्मी लागते. दुखणं, दम, भ्रम, मळमळ आणि घरघर यांची औषधं, सुया, ती कोण देणार, रात्री फोन कुणाला लावायचा, हे आठवडाभर आधी हाताशी हवं. घरी राहायचं ठरलेलं असूनही माणूस अॅम्ब्युलन्समधून आयसीयूत जातो तो बहुतेक या तयारीअभावी. रात्री दम वाढतो, कुणाला काही सुचत नाही, आणि वहिनी किंवा शेजारी नंबर फिरवतात.

म्हणून एका पानावर लिहा: आजाराचं नाव, चालू औषधं आणि मात्रा, कोणत्या अवस्थेत उपचार आवरायचे, छाती दाबायची की नाही, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि फोन, त्याला जमलं नाही तर दुसऱ्याचं, रात्री कळवायचं ते डॉक्टर, आणि जे अजिबात नको ते. वर तारीख, खाली वडिलांची सही. एक प्रत पलंगाशी, एक निर्णय घेणाऱ्याच्या पाकिटात, एक डॉक्टरांकडे. दूर राहणाऱ्या भावंडांना फोटो पाठवून त्यावर त्यांचं बोलणं वडिलांशीच करून द्या, कारण शेवटच्या दिवशी विमानातून उतरून ‘सगळं करा’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. मत बदललं की नवा कागद करा आणि जुन्याच्या सगळ्या प्रती फाडून टाका.